दहा मिनिटांत जोडलेली तार

"आणि दहा मिनिटांत तार जोडली गेली! तोफा पुन्हा गर्जू लागल्या!"

एवढं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. साखरेचा डबा म्हणजे शत्रूचा रणगाडा होता, तो कलंडला. पलीकडे माझी बायको निर्मला तिसरीच्या वह्या तपासत बसली होती. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. तिनं मान वर न करता विचारलं, "जनरल, साखर कोण गोळा करणार?"

चौऱ्याण्णव सालच्या ऑक्टोबरमधला तो रविवार होता. आम्ही देवळाली कॅम्पात दोन खोल्यांत राहत होतो. मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि खालची रेघ वरून शाईनं गिरवायची. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या, स्वतःची म्हणून एक काढली नाही.

घरात मात्र मी सेनापती होतो. एकोणिसाव्या वर्षी भरतीला गेलो होतो. छाती दीड इंच कमी भरली. डॉक्टर म्हणाले, फुगवा. मी फुगवली, तर त्यांनी टेपकडे पाहून विचारलं, "फुगवताय ना?" त्यातूनही निभावलं असतं, पण शेजारच्या रांगेत इंजेक्शनची सुई दिसली आणि मी आडवा झालो. दोन जवानांनी उचलून मला फाटकाबाहेर चिंचेखाली ठेवलं. सैन्याशी माझा प्रत्यक्ष संबंध आला तो एवढाच. त्यानंतर मी युद्धाची जुनी पुस्तकं जमवायला लागलो.

देवळालीत अशा पुस्तकांना तोटा नव्हता. तोफखान्याचं गाव ते. निवृत्त अधिकारी, सुभेदार म्हातारे व्हायचे, एक दिवस जायचे, आणि घरचे लोक ट्रंका रिकाम्या करायचे. ती पुस्तकं हसनभाईंच्या रद्दीच्या दुकानात यायची. हसनभाई माझ्यासाठी निवडक माल तागडीमागे ठेवायचे. मी तो पिशवीत घालून आणायचो, वर मेथीची जुडी आणि खाली पहिलं महायुद्ध. निर्मलाला सगळं ठाऊक होतं. मेथी एवढी जड कशी, असं ती अधूनमधून विचारायची.

माझ्या संग्रहाचे नियम कडक होते. पुस्तक आलं की दोन दिवस ऊन, मग कडुलिंबाचा पाला, मग सफाई. कुणी रेघोट्या मारलेलं, समासात खरडलेलं पुस्तक मला बघवत नसे. पुस्तक कोरं पाहिजे, हा माझा बाणा. त्यासाठी ऑफिसातलं सामान होतं. मऊ खोडरबर होता, आणि भोकं पाडलेली पत्र्याची एक पातळ पट्टी, जिच्यामुळे शेजारच्या अक्षराला धक्का न लावता हवं तेच अक्षर पुसता येतं. शेवटी शिळ्या पावाचा चुरा फिरवायचा, म्हणजे पान लखलखीत. मग पहिल्या पानावर शिक्का: 'मो. ग. उपासनी, युद्धग्रंथ संग्रह', आणि खाली क्रमांक.

क्रमांक चारशे बारा हे लाल कापडी बांधणीचं मराठी पुस्तक होतं. तोफखान्याच्या एका दलानं पासष्ट सालच्या लढाईत काय केलं, त्याची हकिकत. तीन आठवड्यांपूर्वी मिळालेलं. छपाई साधी, पण त्यातली ती तारेची गोष्ट मला फार आवडली होती. पुढे टेहळणीच्या चौकीतला माणूस फोनवर सांगणार, तेव्हा मागच्या तोफांना कळणार की गोळा कुठे टाकायचा. दोघांच्या मध्ये जमिनीवर अंथरलेली फोनची तार. ती तुटली की तोफा आंधळ्या. अशी तार तुटते, भडिमार चालू असतो, आणि आमचे जवान दहा मिनिटांत ती जोडतात! येणाऱ्याजाणाऱ्याला मी ही गोष्ट साखरेच्या डब्यासकट सांगायचो. गॅसवाल्यालाही सांगितली होती. तो सिलिंडर तसाच खांद्यावर घेऊन ऐकत उभा राहिला होता.

त्या पुस्तकाच्या चौदा पानांच्या समासात कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं. दाबून दाबून लिहिलेलं, बोजड अक्षर. तीन संध्याकाळी खपून मी ते सगळं पुसलं. पुसता पुसता निर्मलाला वाचूनही दाखवत होतो.

"ऐकलंस? 'हे खरे नाही.' पुन्हा पुढच्या पानावर, 'हेही खरे नाही.' आता हा कोण लागून गेला?"

"तिथं असेल कदाचित तो," निर्मला म्हणाली.

"तिथं असता तर पुस्तक लिहिलं असतं त्यानं. समासात कशाला लिहील?"

हे वाक्य मी बोललो होतो. मला ते शब्दन् शब्द आठवतं, कारण ते विसरायचा मी बराच प्रयत्न केला आहे.

तर त्या रविवारी मी साखर गोळा करत होतो तेवढ्यात दार वाजलं. दारात हसनभाई. दुकान सोडून ते कधी कुणाच्या घरी जात नसत. त्यांच्या मागे पंचावन्न-साठ वर्षांच्या एक बाई, नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, हातात वायरची पिशवी.

"उपासनीसाहेब, या हौसाबाई फडतरे," हसनभाई म्हणाले. "सुभेदार फडतऱ्यांच्या घरातून. श्रावणात सुभेदार गेले. ट्रंकेतला माल माझ्याकडे आला होता. लाल पुस्तक तुम्ही नेलं ना? त्यांना ते परत पाहिजे."

"आहे ना!" मी उत्साहानं म्हणालो. "बसा मावशी. उत्तम स्थितीत आहे."

बाई खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसल्या. निर्मलानं पाणी दिलं. ते घोटभर पिऊन त्या म्हणाल्या, "पुस्तकाचं मला काय करायचंय, साहेब? त्यात सुभेदारांनी हातानं लिवलंय, ते पायजे."

मी कपाटाकडे पाहिलं.

"काय लिहिलंय?" निर्मलानं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

बाई सांगू लागल्या. त्यांचं माहेर खटावकडे. धाकटा भाऊ सर्जेराव. त्याला हैबतरावांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानंच, आपल्या दलात भरती करून घेतलं. पासष्टला दोघं मेव्हणे एकाच तोफखान्यात, एकाच तारवाल्या तुकडीत. हैबतराव परत आले, सर्जेराव आला नाही. त्यांच्या दलातला एक गाववाला सुट्टीवर आला आणि पारावर बसून म्हणाला, दोघं एका खंदकात होते, मग एकटाच कसा परत आला?

"बास. एवढंच बोलला मेला," बाई म्हणाल्या. "पन थोरला भाऊ, आप्पा, पेटला. म्हनला, हैबतीनं माझ्या भावाला मरायला सोडलं आन पळाला. त्याची बायको हाईस तवर तू ह्या घराची पायरी चढायची न्हाई. एकोनतीस वर्सं झाली, साहेब. भाऊबीज न्हाई, चोळीचा खण न्हाई. बाप मेला तवा बी बाहेरूनच बघितला."

"तुम्ही विचारलं नाही कधी सुभेदारांना?" निर्मला म्हणाली.

"इचारलं की. पैल्या सुट्टीला. पानावरनं उठून गेलं. मग न्हाई इचारलं. मानूस जित्ता परत आलाय, त्याला रोज मारायचं का?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "दरसाली सर्जा गेल्याल्या महिन्यात एक दिस दार लावून ते लाल पुस्तक घिऊन बसायचं. पेन्सिल घिऊन. जाताना म्हनलं, हौसा, माझ्यानं बोलवलं न्हाई, समदं त्यात लिवलंय. मी गेल्यावर वाच. आन पोरानं तेराव्याच्या गडबडीत ट्रंक मोकळी केली. त्याला काय ठावं?"

"आणि आता…"

"आता आई अंथरुणात हाय. नव्वदीची. आज हाय, उद्या न्हाई. सांगावा आलाय. पन मी हात हालवत गेले तर आप्पा दारात उभा ऱ्हानार. मला त्याला दाखवाय पायजे. आन खरं सांगू का, मला सवताला पायजे. माझ्या भावाला टाकून आला का न्हाई माझा नवरा, एवढं मला मरायच्या आधी कळाय पायजे."

"आत बघतो हं कुठे ठेवलंय," मी म्हणालो, आणि मोरीत जाऊन कडी लावली. नळ सोडला. जगातल्या साऱ्या लढायांतल्या माघारी मला तोंडपाठ होत्या, पण अशी तडकाफडकी माघार कुणी घेतल्याचं माझ्या वाचनात नव्हतं. बादली भरून वाहिली. मी तिथंच उभा.

निर्मलानं दार वाजवलं. हळू आवाजात म्हणाली, "दहाला पाणी जातं. तेव्हा तरी बाहेर याल ना?"

मी बाहेर आलो. कपाटातून चारशे बारा काढलं, बाईंच्या हातात दिलं आणि म्हणालो, "मावशी, मी ते पुसलं."

"काय पुसलं?"

"समासातलं. सगळं. मला वाटलं कुणीतरी पुस्तक खराब केलंय."

हसनभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "या अल्ला," एवढंच म्हणाले.

बाई रडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिलं पान उघडलं. तिथं माझा जांभळा शिक्का. त्यांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कुनाचं नाव?"

"माझं," मी म्हणालो. त्या वेळी जमिनीनं मला पोटात घ्यायला हवं होतं. पण भाड्याच्या घराच्या जमिनी तसं काही करत नाहीत.

"पुसायच्या आधी वाचलं असंल ना तुमी?" बाईंनी आशेनं विचारलं. "शिकलेलं मानूस. काय लिवलं हुतं?"

वाचलं तर होतं. पण वाचलं ते हसण्यासाठी. 'हे खरे नाही' एवढं आठवत होतं. कुठे त्यांनी अक्षर चुकवलं होतं, ते आठवत होतं. बाकी मजकूर आठवेना. तेव्हा माझ्या मनात आलं, सांगून टाकावं काहीतरी. चारशे बारा पुस्तकं पचवलेल्या माणसाला एक शूर मरण रचणं काय अवघड? बाईंना समाधान, आप्पांना समाधान, आणि माझीही सुटका. मी घसा साफ केला. तोच माझा साखरेच्या डब्यावेळचा आवाज लागला.

"हो मावशी, मला अगदी स्पष्ट आठवतंय. त्यात असं होतं की सुभेदार…"

"थांबा," निर्मला म्हणाली.

वर्गात पोरगं खोटं बोलायला लागलं की ती तसं म्हणते. मी थांबलो.

तिनं बाईंच्या मांडीवरचं पुस्तक अलगद घेतलं, पूर्वेच्या खिडकीशी गेली, एक पान सुटं धरून ते आडवं, जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत आणलं. दहाचं तिरपं ऊन समासावरून सरपटत गेलं.

"पोरं उत्तर पुसतात ना, आणि म्हणतात बाई, मी असं लिहिलंच नव्हतं," ती म्हणाली. "तेव्हा मी वही अशी धरते. शिसं जातं, खाच जात नाही. सुभेदार दाबून लिहीत होते. या इकडे."

आम्ही सगळे खिडकीशी गेलो. कोऱ्या समासात, माझ्या त्या लखलखीत समासात, उन्हाच्या बारीक सावल्या पडल्या होत्या. ओळीच्या ओळी होत्या. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, सुपातले खडे चाचपावेत तसं.

"लागतंय हाताला," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"एकशे एकतीस पान काढ," मी निर्मलाला म्हणालो. तारेची गोष्ट त्या पानावर होती. तिथंच सगळ्यात जास्त मजकूर पुसल्याचं माझ्या हाताला आठवत होतं. तो पुसताना मी चिडलो होतो, एवढी दाट खरड म्हणून.

छापलेलं वाक्य तेच होतं. शत्रूच्या भडिमारात तार तुटली, परंतु आमच्या जवानांनी दहा मिनिटांत ती जोडली. शेजारच्या समासातलं मी वाचू लागलो. ट्रेसरचे डोळे तेवढे कामाला आले. एकेक अक्षर लावत गेलो, आणि या वेळी माझा आवाज लागत नव्हता.

"'दहा मिनिटे नाही. दोन तास. पाळी माझी होती. मी हौसाला पत्र लिहीत होतो. सर्जा म्हणाला, दाजी, तुम्ही पत्र पुरे करा, मी जातो. मी जा म्हटले.'"

मी बाईंकडे पाहिलं.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"'तार जोडली. फोन लागला. सर्जा आला नाही. मी गेलो. गोळे पडत होते, परत आलो. पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला सापडला. पाठीवर घेतला. वाटेत बोलत होता. आईला सांगू नका म्हणाला. खंदकाशी आलो तेव्हा गेलेला होता. हे कोणाला सांगू. दहा मिनिटे लिहिले आहे, ते खरे नाही.'"

त्या पानावर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं असावं. काही अक्षरांच्या खाचा दुहेरी होत्या.

ही माझी आवडती गोष्ट. गॅसवाल्याला सांगितलेली. मी साखरेच्या डब्याकडे बघायचं टाळलं.

बाई पुन्हा भिंतीशी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "ते पत्र माझ्याकडं हाय."

"कुठलं?" निर्मलानं विचारलं.

"ते लिवत हुते ते. ट्रंकेत न्हाई, माझ्या लुगड्यांत ठिवलंय. सर्जा गेल्याची तार पोस्टानं आली, तिच्या आधी दोन दिस आलं हुतं. काय हुतं त्यात ठावं हाय का? म्हस व्याली का, रेडी झाली का रेडा, आन छपराची कौलं आप्पाकडून बदलून घे." त्या हसल्यासारखं करून थांबल्या. "म्हशीसाठी गेला माझा भाऊ."

निर्मला त्यांच्याशेजारी बसली. मी खिडकीतच उभा राहिलो. मला कुठे बसावं ते कळत नव्हतं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुमी काय काम करता?"

"ट्रेसर आहे. रेघेवर रेघ गिरवतो."

"मग हे गिरवा. पेन्सिलीनं. त्यांच्याच अक्षरावर. आप्पाला वाचाय आलं पायजे."

ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवून मी दोन दिवस घरी बसलो. खिडकीशी पाट मांडला, पान तिरपं धरून एकेक खाच शोधली आणि पेन्सिलचं टोक तिच्यात घालून गिरवत गेलो. बावीस वर्षांत एवढ्या जपून मी धरणाचा नकाशाही गिरवला नव्हता. हौसाबाई सकाळी यायच्या, समोर बसायच्या. मी एक ओळ केली की ती जोडून जोडून मोठ्यानं वाचायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या मला साहेब म्हणायचं सोडून भाऊ म्हणू लागल्या. मला ते ऐकवत नव्हतं, पण थांबा म्हणायचीही छाती नव्हती. ती मुळात दीड इंच कमीच.

एकशे एकतिसावं पान शेवटी घेतलं. 'दहा मिनिटे नाही. दोन तास.' एवढं गिरवून झालं, आणि पेन्सिल पुढच्या खाचेत घातली, तेवढ्यात बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हे ऱ्हाऊ द्या."

"कुठलं?"

"पाळी माझी हुती, तितनं मी जा म्हटले, तितवर. तेवढं नगा गिरवू. म्होरं करा, तार जोडली पास्नं."

"पण मावशी, सुभेदारांनी लिहिलंय…"

"मला लिवलंय, मी वाचलं. मला कळलं. आप्पाला कळून काय व्हनार? तीनदा गेला, पाठीवर आनला, एवढं त्याला पुरं हाय." त्यांनी हात मागे घेतला. "एकोनतीस वर्सं त्यांना टाकून आला म्हनले, तेवढी शिक्षा झाली की. आता पत्र लिवत हुता म्हनून आनि कशाला? भाऊ, तुमी समदं पुसलंत ते चुकलं. पन तेवढ्या वळी बऱ्या पुसल्यात."

मी निर्मलाकडे पाहिलं. ती वह्यांत मान घालून बसली होती, पण लाल पेन हलत नव्हतं.

मी ती जागा सोडली आणि पुढचं गिरवलं. मग तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, कारण जित्याची खोड, "काळजी करू नका मावशी. आजूबाजूचं ठळक झालं की मधली खाच डोळ्यात भरत नाही. कुणाला दिसणार नाही. हा माझा धंदाच आहे."

त्या पुस्तक वायरच्या पिशवीत घालून त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं गेल्या.

दिवाळी होऊन गेली. मी चारशे बाराची जागा कपाटात मोकळी ठेवली होती. निर्मलानं तिथं शेंगदाण्याची बरणी ठेवली, ती मी राहू दिली. नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी दार वाजलं. हौसाबाई. अंगावर कोरं लुगडं, अजून खळ गेली नव्हती. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, आणि काखेत लाल पुस्तक.

"आई?" निर्मलानं दारातच विचारलं.

"भाऊबीज करून गेली. मी हुते." त्या आत येऊन बसल्या. "वाचून दावलं तिला. ऐकू कमी, म्हनून कानात वरडून. तिनं एकच धरलं. पाठीवर आनला ना? म्हनली. म्हटलं, व्हय. परत इचारलं, पाठीवर आनला ना? रोज इचारायची. मी रोज व्हय म्हनायची."

"आणि आप्पा?" मी विचारलं.

"आप्पा पैल्या दिशी उंबऱ्यात बसून ऐकत हुता. आत ये म्हनला न्हाई, जा म्हनला न्हाई. माझं वाचून झालं तसं पुस्तक मागितलं. बघितलं. म्हनला, हितं मोकळं का गं? वर लिवलंय, खाली लिवलंय, मदी चार बोटं कोरं का?"

मी खुर्ची पुढे ओढली.

"मी म्हटलं, नसंल लिवलं. त्यो पुस्तक घिऊन अंगनात गेला. उन्हात अस्सं तिरकं धरलं." बाईंनी हातानं दाखवलं, हुबेहूब निर्मलासारखं. "जमिनीच्या कागदावरची खाडाखोड आयुष्यभर अशीच बघत आलाय, भाऊ. त्याला कोन फशिवनार?"

एवढ्या खात्रीनं दिलेलं माझं शेवटचं तज्ज्ञ मत ते. त्यानंतर मी कुणाला मत दिलेलं नाही.

"मग?"

"लई वेळ उभा हुता. मी उंबऱ्याच्या भाईर, पिशवी हातात धरून. म्हटलं आता हाकलतोय. मग वळला आन आत वहिनीला हाक मारली, पानी तापव गं, हौसा लांबनं आलीय. दुसऱ्या दिशी नातवाच्या दप्तरातली पेन्सिल काढून पडवीत बसला. दुपार गेली त्यात. चौथी नापास त्यो, सहीपुरतं लिवतोय. बघा तुमी, बिघडवलं न्हाई ना पान? म्हटलं भाऊला दावावं, त्यांना खराब केल्यालं आवडत न्हाई."

त्यांनी एकशे एकतिसावं पान उघडून माझ्यापुढे धरलं.

वर माझं वळणदार गिरवणं, खाली माझं वळणदार गिरवणं. मधल्या चार बोटांच्या जागेत जाड, वेडीवाकडी, खाचेतून ठायी ठायी निसटलेली अक्षरं. पाळी माझी होती. मी हौसाला पत्र लिहीत होतो. सर्जा म्हणाला, दाजी, तुम्ही पत्र पुरे करा, मी जातो. मी जा म्हटले. एकही शब्द सोडलेला नव्हता. आणि 'जा म्हटले'च्या पुढे, जिथं सुभेदारांनी काही लिहिलेलं नव्हतं, तिथं आप्पांनी आपल्या मनाचे दोनच शब्द घातले होते.

असू दे.

"पुसायचं का ते?" बाईंनी काळजीनं विचारलं. "रबर हाय ना तुमच्याकडं?"

"नाही मावशी," मी म्हणालो. "राहू दे तसंच."

निर्मलानं शेंगांची पिशवी उचलली आणि विचारलं, "भाजू का उकडू?"

"उकडा," हौसाबाई म्हणाल्या. "वल्या हायेत."